बाहेरून जोडलेल्या डिव्हाइसला मेमरीत किती आत येऊ द्यायचं

कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगाव एमआयडीसीतल्या फाउंड्रीच्या गेटवर भंगाराचा ट्रक आला, की वॉचमन आधी गेटपास बघतो. कोणत्या शेडला जायचं, माल उतरवायचा की भरायचा, आत किती वेळ थांबायचं, सगळं त्या चिठ्ठीवर असतं. त्याच कारखान्याच्या डिझाइन ऑफिसात बाहेरून आलेल्या माणसाने स्वतःचा टाइप-सी डॉक (एका केबलवर अनेक उपकरणं जोडून देणारा डबा) लॅपटॉपला जोडला, तर मात्र गेटपास कोणी मागत नाही. आणि तो डॉक थंडरबोल्टचा असेल, तर प्रोसेसरला न विचारता थेट मेमरीत वाचू आणि लिहू शकतो.

याला डीएमए म्हणतात, म्हणजे डायरेक्ट मेमरी ॲक्सेस. नेटवर्क कार्ड, एनव्हीएमई डिस्क, ग्राफिक्स कार्ड या सगळ्यांचा वेग त्यावरच उभा आहे, त्यामुळे डीएमए बंद करून टाकणं हा उपाय नाही. गेट बसवणं हा उपाय आहे. ते गेट म्हणजे आयओएमएमयू नावाचं सर्किट. इंटेलकडे त्याचं नाव व्हीटी-डी, एएमडीकडे एएमडी-व्हीआय, एआरएमवर एसएमएमयू, ॲपलच्या चिपमध्ये डार्ट. डिव्हाइस जो पत्ता मागतं, तो आयओएमएमयू स्वतःच्या तक्त्यात शोधतं. नोंद सापडली तर खऱ्या मेमरीतल्या पानाकडे वाट मिळते, नाही सापडली तर व्यवहार तिथेच अडतो. हे तक्ते भरायचं काम कर्नलचं, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचं. एक नोंद साधारणपणे ४ केबीच्या एका पानाची असते.

आत ठेवलंय काय, तेही बघू. डिस्क एन्क्रिप्शनची किल्ली, लॉगिन झालेल्या माणसाच्या खुणा, उघडलेली ड्रॉइंग, आणि खुद्द कर्नलचा कोड. स्क्रीन लॉक असली तरी हे सगळं मेमरीत तसंच असतं. व्हिडिओ कॅमेरे जोडायच्या जुन्या फायरवायर पोर्टातून मेमरी वाचता येते हे २००४ सालीच जाहीर दाखवलं गेलं. २०१६ मध्ये उल्फ फ्रिस्क यांनी पीसीआयलीच हे साधन मांडलं आणि स्वस्तातल्या एका बोर्डावर हे काम शक्य झालं. २०१९ मध्ये केंब्रिज आणि राइस विद्यापीठांच्या संशोधकांनी थंडरक्लॅप हे काम प्रसिद्ध केलं. त्यातून निघालेली गोष्ट जास्त महत्त्वाची आहे: आयओएमएमयू चालू असतानाही, गेटपास ढिसाळपणे दिले तर हल्ला यशस्वी होतो.

म्हणून ‘आयओएमएमयू ऑन आहे का?’ एवढंच विचारून थांबू नका. कोणत्या डिव्हाइसला, किती जागा, किती वेळ, हे तिन्ही तपासायचं. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्यासाठीच आहेत.

कमांड, फाइलींची नावं आणि पर्याय इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिले आहेत. टाइप करताना ते रोमन लहान अक्षरांत आणि रोमन अंकांत टाइप करा. फाइलच्या मार्गात ‘सिस’ म्हणजे एस-वाय-एस.

आधी पोर्ट ओळखा

सगळ्या पोर्टांना सारखं घाबरायचं कारण नाही. साधा पेनड्राइव्ह किंवा यूएसबी-३ ची हार्ड डिस्क स्वतः डीएमए करत नाही. मेमरीशी व्यवहार करतो तो मदरबोर्डवरचा यूएसबी कंट्रोलर, आणि तो आपलाच आहे. पेनड्राइव्हचे धोके वेगळे आहेत (की-बोर्ड असल्याची बतावणी करून कमांड टाइप करणारी उपकरणं, व्हायरस), त्यांवर आयओएमएमयूचा काही उपयोग नाही.

धोका आहे तो पीसीआय एक्सप्रेस, म्हणजे आतली कार्डं ज्यावर बसतात तो मार्ग, बाहेर आणणाऱ्या पोर्टांत. थंडरबोल्ट ३ आणि ४, यूएसबी-४ चे बरेच पोर्ट, जुन्या लॅपटॉपवरचा एक्सप्रेसकार्ड स्लॉट, आणि एसडी एक्सप्रेस कार्डाचा स्लॉट यात येतात. टाइप-सी पोर्टाशेजारी विजेचं चिन्ह असेल तर तो थंडरबोल्ट. चिन्ह नसलं म्हणून तो साधाच असेल असं मात्र धरू नका, मॉडेलचं माहितीपत्रक बघा. फायरवायर ही वेगळी जात आहे, ते पुढे येईल.

आतले स्लॉटही विसरू नका. लॅपटॉपचा मागचा पत्रा चार-पाच स्क्रूंवर निघतो, आणि आतल्या वाय-फाय कार्डाच्या जागी दुसरंच कार्ड बसवलं तर तेही पीसीआय एक्सप्रेसवरच बसतं. कर्नलच्या नजरेत हा आतला माणूस, त्यामुळे बाहेरच्यासाठीची खास तपासणी त्याला लागत नाही.

फर्मवेअरपासून सुरुवात

फर्मवेअर म्हणजे मदरबोर्डवरचा, कर्नलच्या आधी चालणारा प्रोग्राम. त्याच्या सेटिंगमध्ये, म्हणजे बायोसमध्ये, तीन गोष्टी शोधा. पहिली, व्हीटी-डी किंवा आयओएमएमयू, ती चालू हवी. व्हीटी-एक्स किंवा एसव्हीएम हे वेगळं, ते व्हर्च्युअल मशीनसाठी. दोन्ही शेजारी-शेजारी असतात आणि नेमका घोटाळा तिथेच होतो: एक चालू करून लोक दुसरं झालं असं समजतात. एएमडीच्या बोर्डांवर आयओएमएमयूला कधी ‘ऑटो’ असतं, तिथे स्पष्ट ‘एनेबल्ड’ निवडा.

दुसरी गोष्ट, प्री-बूट डीएमए प्रोटेक्शन किंवा कर्नल डीएमए प्रोटेक्शन अशा नावाचा पर्याय. कर्नल चालू होण्याआधीच्या काही सेकंदांत गेट सांभाळायला कर्नल नसतो, फर्मवेअरच असतं. त्या वेळी डॉक जोडलेला असला आणि फर्मवेअरने गेट लावलं नसलं, तर पुढचा सगळा बंदोबस्त उशिरा येतो. तिसरी, थंडरबोल्टवरून बूट करण्याची सोय. ऑफिसच्या लॅपटॉपला ती लागत नाही, बंद करा.

मग बायोसला पासवर्ड ठेवा. तो नसेल तर वरचं सगळं दोन मिनिटांत उलटवता येतं. बायोस अपडेट केल्यावर काही मॉडेलवर सेटिंग मूळपदावर जातात, म्हणून अपडेटनंतर हे तिन्ही पुन्हा बघा.

लिनक्सवर गेट खरंच लागलंय का

टर्मिनलवर ‘सुडो डीमेसग | ग्रेप -आय -ई डीएमएआर -ई आयओएमएमयू’ चालवा. इंटेलवर ‘डीएमएआर: आयओएमएमयू एनेबल्ड’ अशी ओळ हवी. नुसती डीएमएआर तक्ता सापडल्याची ओळ पुरेशी नाही. फर्मवेअरने तक्ता दिला एवढाच तिचा अर्थ, कर्नलने तो वापरायला घेतला असा नाही. एएमडीवर ‘एएमडी-व्हीआय’ने सुरू होणाऱ्या ओळी दिसतात.

त्याखाली आणखी दोन ओळी शोधा, खरी माहिती त्यांतच आहे. एक म्हणते ‘डिफॉल्ट डोमेन टाइप: ट्रान्सलेटेड’ किंवा ‘पासथ्रू’. पासथ्रू म्हणजे गेट आहे, वॉचमन खुर्चीत बसला आहे, पण येईल त्याला हात दाखवून आत सोडतो आहे. डिव्हाइसला सगळी मेमरी जशीच्या तशी दिसते. व्हर्च्युअल मशीन चालवणारे लोक वेगासाठी ‘आयओएमएमयू=पीटी’ हा पर्याय लावतात, आणि इंटरनेटवरच्या बऱ्याच सूचनांमध्ये तो डोळे झाकून कॉपी केलेला असतो. डिझाइन ऑफिसच्या लॅपटॉपवर तो दिसला तर काढा.

दुसरी ओळ टीएलबी इनव्हॅलिडेशन पॉलिसीची: ‘स्ट्रिक्ट’ की ‘लेझी’. इथे जरा थांबू, कारण ‘किती वेळ’ हा प्रश्न इथेच सुटतो. काम झालं की कर्नल डिव्हाइसचा गेटपास रद्द करतो, म्हणजे तक्त्यातली नोंद पुसतो. पण आयओएमएमयूजवळ अलीकडे वापरलेल्या नोंदींची एक छोटी झटपट यादी असते. ती साफ करायला वेळ लागतो, म्हणून लेझी पद्धतीत कर्नल रद्द झालेले पास साठवतो आणि एकदम साफ करतो, सुमारे १० मिलिसेकंदांनी किंवा रांग भरली की. तेवढ्या वेळात ते पान कर्नलने दुसऱ्याच कामाला दिलेलं असू शकतं, आणि जुना पास मात्र गेटवर अजून चालतो. १० मिलिसेकंद माणसाला काहीच नाहीत, पण सेकंदाला लाखो व्यवहार करणाऱ्या उपकरणाला पुष्कळ आहेत. एक्स-८६ (इंटेल आणि एएमडी) कर्नलमध्ये लेझी हीच मूळ पद्धत आहे.

दोन्ही दुरुस्त्या बूटच्या ओळीत होतात. उबंटू किंवा डेबियनवर ‘/ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब’ फाइल उघडा आणि ‘ग्रब_सीएमडीलाइन_लिनक्स_डिफॉल्ट’ या ओळीतल्या अवतरणांत हे जोडा (ओळीचं नाव फाइलमध्ये मोठ्या अक्षरांत असतं):

इंटेल_आयओएमएमयू=ऑन आयओएमएमयू.पासथ्रू=० आयओएमएमयू.स्ट्रिक्ट=१

एएमडीवर पहिला भाग नको, तिथे आयओएमएमयू आपोआप चालू होतं. मग ‘सुडो अपडेट-ग्रब’ आणि रीबूट. फेडोरावर हेच काम ‘ग्रबी’ने सगळ्या कर्नलसाठी एकदम होतं.

स्ट्रिक्टची किंमत वेगात मोजावी लागते. १० गिगाबिटचं नेटवर्क कार्ड किंवा जलद एनव्हीएमई डिस्क सतत ताणात असलेल्या सर्व्हरवर ती जाणवते. कॅड आणि टॅलीच्या मशीनवर, एक गिगाबिटच्या नेटवर्कवर, ती सहसा कळतसुद्धा नाही. ऑफिसच्या लॅपटॉपला स्ट्रिक्टच ठेवावं असं आमचं ठाम मत आहे.

रीबूटनंतर ‘ग्रेप . /सिस/कर्नल/आयओएमएमयू_ग्रुप्स/*/टाइप’ चालवा. प्रत्येक गटापुढे शब्द येईल. ‘डीएमए’ म्हणजे तक्ता लागू आणि स्ट्रिक्ट, ‘डीएमए-एफक्यू’ म्हणजे तक्ता लागू पण लेझी, ‘आयडेंटिटी’ म्हणजे मोकळं रान. आयडेंटिटी दिसला तर त्या गटाच्या ‘डिव्हाइसेस’ फोल्डरमध्ये कोण आहे ते बघा आणि ‘एलएसपीसीआय’च्या यादीत त्याचं नाव शोधा. एकाच गटात अनेक डिव्हाइस असतील, तर ती आपसात गेटला वळसा घालून बोलू शकतात असं कर्नलचं म्हणणं आहे. हे गट जबरदस्तीने फोडणारा एसीएस ओव्हरराइडचा पॅच इंटरनेटवर मिळतो. त्याने कागदावरची विभागणी बदलते, तारा त्याच राहतात. तो लावू नका.

बाहेरचा कोण, हे कर्नलला कसं कळतं

२०१९ मधल्या ५.० आवृत्तीपासून लिनक्स कर्नल बाहेरच्या पोर्टामागच्या पीसीआय डिव्हाइसला ‘अनट्रस्टेड’ मानू लागला. पण पोर्ट बाहेरचा आहे ही माहिती येते फर्मवेअरकडून. फर्मवेअरने त्या पोर्टावर ‘एक्स्टर्नल फेसिंग’ची खूण केलेली नसेल, तर कर्नलला डॉक आणि आतलं वाय-फाय कार्ड सारखंच. २०१८ नंतरच्या बऱ्याच थंडरबोल्ट लॅपटॉपवर ही खूण सापडते. थंडरबोल्ट ४ साठी तर डीएमए संरक्षण ही अटच आहे.

खूण लागली की कर्नल तीन गोष्टी करतो. डिव्हाइसला सक्तीने स्ट्रिक्ट डोमेन (स्वतःचा तक्ता) देतो, बाकी यंत्रणा लेझी असली तरी. त्याची एटीएस सोय बंद ठेवतो. एटीएस म्हणजे ‘माझा पास आधीच तपासलाय, मला थेट सोडा’ असं डिव्हाइसने स्वतःच सांगायचं आणि गेटने विश्वास ठेवायचा. बाहेरच्या माणसाला ही सवलत देण्यात काही अर्थ नाही. तिसरी गोष्ट ५.४ मध्ये आली, बाउन्स बफर. डिव्हाइसला हवा असलेला डेटा पूर्ण पानभर नसेल, तर उरलेल्या पानात शेजाऱ्याचा माल असतो. म्हणून कर्नल ट्रकला गेटजवळच्या वेगळ्या शेडमध्येच थांबवतो आणि माल आपल्या हातगाडीने आत नेतो.

तपासायला थंडरबोल्टचा डॉक जोडा आणि ‘कॅट /सिस/बस/थंडरबोल्ट/डिव्हाइसेस/डोमेन०/आयओएमएमयू_डीएमए_प्रोटेक्शन’ चालवा. उत्तर १ हवं. मग ‘ग्रेप . /सिस/बस/पीसीआय/डिव्हाइसेस/*/रिमूव्हेबल’ चालवा. डॉकमधल्या नेटवर्क कार्डासमोर ‘रिमूव्हेबल’ हा शब्द आला तर कर्नलने त्याला बाहेरचा म्हणून ओळखलं. पहिलं उत्तर ० आणि दुसऱ्यात काहीच नाही, असं आलं तर बायोस अपडेट बघा. तरीही तसंच राहिलं, तर त्या लॅपटॉपवर बायोसमधून थंडरबोल्टचं पीसीआय एक्सप्रेस टनेलिंगच, म्हणजे त्या केबलमधून पीसीआय एक्सप्रेस नेण्याची सोयच, बंद करा. डिस्प्ले, चार्जिंग आणि साधी यूएसबी उपकरणं चालू राहतात.

काही मशीनवर एक विचित्र वाटणारी गोष्ट दिसते: आतली डिव्हाइस आयडेंटिटीत आणि बाहेरची डीएमएमध्ये. लिनक्सच्या वितरणाने (उबंटू, फेडोरा वगैरे) आयओएमएमयू मुळात बंद ठेवलेलं असतं, फर्मवेअर आग्रह धरतं, आणि कर्नल फक्त बाहेरच्यांपुरतं गेट लावतो. बाहेरच्या डॉकपुरतं हे ठीक आहे. पत्रा उघडून बसवलेल्या कार्डासाठी नाही. म्हणून वरची ओळ अशा मशीनवरही घाला.

कोणता थंडरबोल्ट डॉक जोडू द्यायचा, त्या परवानगीचं काम लिनक्सवर ‘बोल्ट’ ही सेवा करते. ‘बोल्टसीटीएल लिस्ट’ने जोडलेली उपकरणं दिसतात, ‘बोल्टसीटीएल एनरोल’ने नोंद होते, ‘बोल्टसीटीएल फरगेट’ने पुसली जाते. आयओएमएमयूचं संरक्षण असलेल्या मशीनवर बोल्ट नव्या डॉकला न विचारताच प्रवेश देतं, कारण गेट पुढे आहेच असं ते धरून चालतं. पाहुण्यांची वर्दळ असलेल्या ऑफिसात हे आम्हाला पटत नाही. बोल्टची आपोआप नोंद बंद ठेवा आणि ऑफिसचे डॉक ‘मॅन्युअल’ धोरणाने नोंदवा.

जुन्या थंडरबोल्ट ३ मशीनवर फक्त ‘यूजर’ किंवा ‘सिक्युअर’ ही सुरक्षा पातळी असते, आयओएमएमयूचा आधार नसतो. यूजर पातळीवर डॉकची ओळख फक्त त्याच्या क्रमांकावरून पटते आणि क्रमांक नकलता येतो. सिक्युअरमध्ये किल्लीची देवाणघेवाण होते. पण २०२० मध्ये ब्योर्न रॉयटेनबर्ग यांच्या थंडरस्पाय या कामाने दाखवलं, की लॅपटॉप उघडून थंडरबोल्ट कंट्रोलरची चिप नव्याने लिहिली तर या पातळ्याच उडवता येतात. अशा लॅपटॉपवर टनेलिंग बंद ठेवणं हाच भरवशाचा मार्ग आहे.

विंडोजवर

विंडोज १० च्या १८०३ आवृत्तीपासून कर्नल डीएमए प्रोटेक्शन आहे. विंडोज आणि आर एकत्र दाबा, ‘एमएसइन्फो३२’ लिहा, सिस्टिम समरीत त्या नावाची ओळ शोधा. ‘ऑन’ असेल तर ठीक. ‘ऑफ’ असेल तर बायोसमध्ये व्हीटी-डी आणि व्हर्च्युअलायझेशन चालू करून पुन्हा बघा. तरीही ऑफच राहिलं, तर फर्मवेअर हे देतच नाही, आणि विंडोजमध्ये कुठली कळ दाबून ते येणार नाही.

पुढचं धोरण ग्रुप पॉलिसीत, कॉम्प्युटर कॉन्फिगरेशनखाली ॲडमिनिस्ट्रेटिव्ह टेम्पलेट्स, सिस्टिम, कर्नल डीएमए प्रोटेक्शन इथे मिळतं. ज्या डिव्हाइसचा ड्रायव्हर रीमॅपिंगला (आयओएमएमयूच्या तक्त्यातून जायला) तयार नाही, त्याचं काय करायचं ते इथे ठरतं: पूर्ण बंदी, लॉगिन झाल्यावर किंवा स्क्रीन उघडल्यावर प्रवेश, किंवा नेहमी प्रवेश. मधला पर्याय मुळातला आहे. कॅशियर, अकाउंट्स आणि टेंडरची कागदपत्रं हाताळणाऱ्या मशीनवर पूर्ण बंदी लावा. मधल्या पर्यायात एक तक्रार हमखास येते: स्क्रीन लॉक असताना डॉक जोडला तर त्यातलं जुनं लॅन कार्ड चालत नाही, स्क्रीन उघडल्यावर चालतं. हा बिघाड नाही, संरक्षण काम करतंय.

या सोयीच्या कक्षेत फायरवायर, कार्डबस आणि एक्सप्रेसकार्ड येत नाहीत. आणि बिटलॉकर (विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन) फक्त टीपीएमवर, म्हणजे किल्ली सांभाळणाऱ्या चिपवर, ठेवला असेल, तर मशीन सुरू होताच किल्ली मेमरीत येते, कोणी लॉगिन केलं नसलं तरी. टीपीएमला पिन जोडा.

स्टुडिओतलं फायरवायर

राजारामपुरी आणि शाहूपुरीतल्या लग्नाच्या व्हिडिओ स्टुडिओंत जुन्या डीव्ही टेप उतरवण्यासाठी फायरवायरचं कार्ड बसवलेला एखादा पीसी अजून जपून ठेवलेला असतो. कार्ड उपटून टाका असं सांगून चालणार नाही, टेप त्यावरच वाचल्या जातात.

लिनक्सवर इथे चांगला मधला मार्ग आहे. कॅमेऱ्यासाठी लागतो तो ‘फायरवायर-ओएचसीआय’ हा ड्रायव्हर. समोरच्या उपकरणाला मेमरीचं दार उघडून दिलं जातं ते डिस्कसाठीच्या ‘फायरवायर-एसबीपी२’ या ड्रायव्हरमुळे. फक्त तो अडवा: ‘/ईटीसी/मॉडप्रोब.डी’ फोल्डरमध्ये एक फाइल करून त्यात ‘इन्स्टॉल फायरवायर-एसबीपी२ /बिन/फॉल्स’ ही ओळ टाका. नुसत्या ‘ब्लॅकलिस्ट’ने आपोआप लोड होणं थांबतं, पण दुसऱ्या मार्गाने तो ओढला जाऊ शकतो. बूटच्या ओळीत ‘ओएचसीआय१३९४_डीएमए=अर्ली’ असं काही राहिलेलं नाही ना, तेही बघा. ते कर्नल डीबग करणाऱ्यांसाठी मुद्दाम उघडलेलं दार आहे.

विंडोजवर ग्रुप पॉलिसीतून एसबीपी-२ ड्रायव्हरचं इन्स्टॉलेशन रोखता येतं. आणि टेप उतरवायच्या पीसीवर बँकेचं, जीएसटीचं काम करू नका.

गेट लावल्यावर काय बिघडतं

मशीन बूटच झालं नाही, तर ग्रबच्या यादीत ‘ई’ दाबा, ‘लिनक्स’ने सुरू होणारी ओळ शोधा, नवे पर्याय काढा आणि कंट्रोल-एक्स दाबा. हा बदल त्या एका बूटपुरताच असतो.

स्क्रीन थरथरते किंवा काळी पडते, आणि लॉगमध्ये इंटेलच्या आतल्या ग्राफिक्सचे डीएमएआर दोष येतात, तेव्हा लोक आयओएमएमयूच बंद करतात. तसं करू नका. ‘इंटेल_आयओएमएमयू=ऑन,आयजीएफएक्स_ऑफ’ लिहिलं की फक्त ग्राफिक्स वगळलं जातं, बाकी गेट तसंच राहतं.

स्वस्तातल्या साटा कार्डांवर डिस्क दिसेनाशी होणं हाही नेहमीचा प्रकार. मार्व्हलच्या ८८एसई९१ मालिकेतल्या काही चिप डीएमए करताना स्वतःचा नाही, तर भलताच फंक्शन क्रमांक सांगतात. पास एकाच्या नावावर आणि गेटवर नाव दुसऱ्याचं, मग अडवणूक होणारच. माहीत असलेल्या चिपसाठी कर्नलमध्ये सवलत आहे, म्हणून आधी कर्नल अद्ययावत करा. तरी चालत नसेल तर कार्ड बदला.

लॉगमध्ये ‘डीएमएआर: डीएमए रीड’ किंवा ‘डीएमए राइट’ आणि त्यापुढे डिव्हाइसचा क्रमांक, ‘फॉल्ट ॲड्रेस’ आणि कारण आलं, एएमडीवर ‘आयओ_पेज_फॉल्ट’ आलं, तर घाबरण्याआधी क्रमांक कुणाचा ते बघा. आतल्याच, रोजच्या डिव्हाइसचा असेल तर बहुतेक वेळा ड्रायव्हर किंवा फर्मवेअरची चूक असते. नुकत्याच जोडलेल्या अनोळखी डॉकचा असेल आणि पत्ते ओळीने वाढत चालले असतील, तर केबल काढा आणि लॉग जपून ठेवा.

‘एसडब्ल्यूआयओटीएलबी बफर इज फुल’ हा संदेश डॉकवरची जलद डिस्क वापरताना येऊ शकतो. बाउन्स बफरची शेड भरली, एवढाच त्याचा अर्थ. मूळ आकार ६४ एमबी, २ केबीच्या ३२७६८ कप्प्यांचा. बूटच्या ओळीत ‘एसडब्ल्यूआयओटीएलबी=६५५३६’ घातलं की १२८ एमबी मिळतात.

ड्रायव्हर लिहिणाऱ्यांसाठी

मशीन बनवणाऱ्यांकडे आणि इंजिनिअरिंगच्या प्रोजेक्टांत पीसीआय कार्डाचे ड्रायव्हर लिहिले जातात. गेट कितीही पक्कं असलं तरी पास लिहितो तो ड्रायव्हरच.

१५०० बाइटचं एक नेटवर्क पॅकेट घ्या. ते ४०९६ बाइटच्या पानात बसवून मॅप केलं, तर उरलेले २५९६ बाइटही डिव्हाइसला उघडे पडतात. त्यात काय आहे ते ड्रायव्हरला ठाऊकही नसतं. थंडरक्लॅपने नेमकं हेच वापरलं: लिनक्समध्ये पॅकेटच्या डेटाशेजारीच त्याची हिशेबाची रचना असते, आणि तिच्यातून फंक्शनच्या पत्त्यापर्यंत वाट जाते. तो बदलला की कर्नल हल्लेखोराच्या मर्जीने चालायला लागतो. म्हणून डीएमएचा बफर कधीही दुसऱ्या स्ट्रक्टच्या पोटात ठेवू नका, आणि फंक्शन पॉइंटर असलेल्या स्ट्रक्टच्या जवळपास तर नाहीच. बफरला स्वतंत्र, पूर्ण पानं द्या.

दिशा नेमकी सांगा. डिव्हाइसने फक्त वाचायचं असेल तर ‘डीएमए_टू_डिव्हाइस’ (‘डीएमए_अलॉक_कोहेरंट’ सोडून या भागातली नावं मोठ्या अक्षरांत असतात). सोपं पडतं म्हणून ‘डीएमए_बायडायरेक्शनल’ लिहिणं म्हणजे माल उतरवायला आलेल्या ट्रकला माल भरून न्यायचीही परवानगी देणं.

डिव्हाइसने लिहिलेल्या लांबीवर दोनदा विश्वास ठेवू नका. ‘डीएमए_अलॉक_कोहेरंट’ने घेतलेल्या जागेत डिव्हाइस कधीही लिहू शकतं. ड्रायव्हरने लांबी वाचली, २०४८ पेक्षा कमी आहे हे तपासलं, आणि कॉपी करताना तीच जागा पुन्हा वाचली, तर मधल्या क्षणात तिथे ६०००० आलेले असू शकतात. ‘रीड_वन्स’ने एकदाच आपल्या चलात घ्या, तेच तपासा, तेच वापरा. डिव्हाइसने परत दिलेला इंडेक्स ॲरेत वापरण्याआधी मर्यादेत आहे का ते बघा. डिस्क्रिप्टरमध्ये कर्नलचा पॉइंटर ठेवून तो परत मिळेल अशी अपेक्षा धरू नका, फक्त क्रमांक ठेवा आणि पॉइंटर आपल्या खाजगी तक्त्यात.

अनमॅप केल्यावरच डेटा वाचा. पण ग्राहकाच्या मशीनवर लेझी असेल तर अनमॅपनंतरही काही मिलिसेकंद डिव्हाइस लिहू शकतं, म्हणून महत्त्वाचा मजकूर आधी आपल्या जागेत कॉपी करा आणि मगच तपासा. चाचणीच्या कर्नलमध्ये ‘कॉन्फिग_डीएमए_एपीआय_डीबग’ चालू ठेवा. अनमॅप राहून गेलेला बफर, चुकलेली दिशा आणि मॅपिंगची न तपासलेली चूक तो बोलून दाखवतो.

लॅपटॉप दुरुस्तीला देताना

झाकण मिटून स्लीपमध्ये गेलेल्या लॅपटॉपची मेमरी जिवंत असते, एन्क्रिप्शनची किल्लीही आतच. दुरुस्तीच्या दुकानात देण्याआधी, रात्रीच्या बसने पुण्याला निघताना, किंवा प्रदर्शनात स्टॉलवर सोडून जेवायला जाताना तो पूर्ण बंद करा. हायबरनेट केलं तरी चालेल, पण मेमरीची प्रत डिस्कवर उतरते, म्हणून डिस्क आणि स्वॅप दोन्ही एन्क्रिप्ट केलेले हवेत. लॅपटॉप परत आल्यावर दुरुस्तीआधीची आणि नंतरची ‘एलएसपीसीआय -एनएन’ची यादी शेजारी ठेवून ताडून बघा. त्यासाठी आधीची यादी आजच काढून दुसऱ्या मशीनवर ठेवा.